लाकडाच्या फर्नेसचा लायनर: आधी माप, मग लोकर, मग धातू

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

थंडी तोंडावर आली की तळघरातल्या फर्नेसबद्दलची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीबद्दलची, पत्रं येऊ लागतात. या वेळी बहुतेकांनी विचारलंय ते चिमणीच्या आत सोडायच्या स्टीलच्या नळीबद्दल, म्हणजे लायनरबद्दल. जवळजवळ प्रत्येक पत्रात पहिला प्रश्न स्टीलच्या नंबरचा आहे. तो आम्ही मुद्दाम मागे ढकलला आहे. का, ते पहिल्याच उत्तरात कळेल.

प्रश्न: आमचं घर १९५०च्या सुमाराचं आहे. बाहेरच्या भिंतीला लागून विटांची चिमणी, तिच्या आत भाजक्या मातीच्या चौकोनी टाइल्स. आजवर तेलावरची फर्नेस होती. आता लाकडाची, गरम हवा डक्टमधून घरभर फिरवणारी फर्नेस घेतली आहे. तिचं धुराचं तोंड ६ इंची आहे. एक कारागीर ३०४ स्टीलचा लायनर पुरे म्हणतो, दुसरा ३१६ टीआय घ्या म्हणतो आणि पैसेही जास्त सांगतो. टाइल्स तर दिसायला धड आहेत. मग लायनर हवाच का, आणि हवा असेल तर यातला कोणता?
– एक वाचक, व्हरमाँट

उत्तर: आधी टेप घेऊन माप काढा. वरची टोपी काढून आणि तळाच्या सफाईच्या झडपेतून, अशा दोन्हीकडून टाइलचं आतलं माप घ्या. बाजारात जिला '८ बाय १२' म्हणतात ती टाइल आतून साधारण ७ बाय ११ इंच भरते, म्हणजे ७७ चौरस इंच. तुमच्या फर्नेसचं ६ इंची गोल तोंड जेमतेम २८ चौरस इंचांचं. अमेरिकेत चिमण्यांसाठी जे मानक धरतात, ते एनएफपीए २११, त्याचं म्हणणं असं: धुराची वाट फर्नेसच्या तोंडाहून लहान नको. चिमणी पूर्णपणे घराच्या आतून जात असेल तर वाट तोंडाच्या तिपटीपर्यंत चालेल. पण तिची एक बाजू जरी बाहेरच्या हवेला उघडी असेल तर दुपटीपर्यंतच. दुप्पट म्हणजे ५६. तुमची वाट ७७. टाइल्स अगदी आज बसवल्यासारख्या असल्या तरी या फर्नेसला ती वाट मोठीच पडणार. म्हणून लायनर हवाच.

मोठी वाट म्हणजे धुराला मोकळीक, असं वाटतं खरं, होतं उलटं. धूर तेवढाच, वाट पावणेतीन पट, म्हणजे तो पावणेतीन पट हळू चढतो आणि सगळा वेळ गार विटांना अंग घासत जातो. धुराचं तापमान साधारण २५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १२० सेल्सिअसच्या खाली उतरलं की त्यातली वाफ आणि न जळलेला डांबरी अंश भिंतीवर बसू लागतो. हेच क्रिओसोट. शिवाय चिमणीची ओढ, म्हणजे धूर वर खेचण्याची ताकद, धुराच्या उष्णतेवर चालते. धूर निवला की ओढ गेली, आणि फर्नेसचं दार उघडताक्षणी तळघरात धूर भपकन बाहेर येतो. तुमच्या नव्या फर्नेसच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं आहे. १५ मे २०२० पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या लाकडी फर्नेसना पर्यावरण संरक्षण संस्थेची कडक धूरमर्यादा लागू झाली. या फर्नेस लाकूड जास्त पुरतं जाळतात आणि उष्णता घरासाठी काढून घेतात, त्यामुळे चिमणीच्या वाट्याला जुन्या फर्नेसपेक्षा कमी उष्णता येते. जुन्या फर्नेसला जी चिमणी कशीबशी चालून जायची, ती हिला चालेलच असं नाही.

तेव्हा लायनर ६ इंची. 'असू दे मोठा' म्हणून ८ इंची नको आणि वाटेत बसावा म्हणून साडेपाच इंचीही नको.

आता लोकर. लायनरभोवती सिरॅमिक लोकरीचं अर्धा इंच जाडीचं वेष्टन घ्या. त्याची दोन कामं आहेत. एक, धूर टोपीपर्यंत गरम ठेवणं. दुसरं काम दिसत नाही, पण जीव वाचवणारं आहे. विटांच्या चिमणीपासून घराचं लाकूड लांब असायला हवं: घरातल्या चिमणीला २ इंच, पूर्णपणे बाहेरून जाणाऱ्या चिमणीला १ इंच. जुन्या घरांत तुळया आणि फळ्या सर्रास विटांना टेकलेल्या सापडतात. वर्षानुवर्षं शेकत राहिलेलं लाकूड हळूहळू कोळशासारखं होतं आणि मग नव्या लाकडापेक्षा कितीतरी कमी तापमानाला पेटतं. लायनरचं यूएल १७७७ हे प्रमाणपत्र अशा टेकलेल्या लाकडाच्या घरात सहसा लोकरीसकटच लागू होतं. उत्पादकाच्या पुस्तिकेत 'शून्य अंतर' या शब्दांखाली लोकरीची किती जाडी दिली आहे ते वाचा. तीच जाडी बसवा. पाव इंच दिली असेल तरच पाव.

इथेच तुमची अडचण येणार आहे. ६ इंची नळी, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लोकर, वर तारेची जाळी, म्हणजे झाले सव्वासात इंच. टाइलची अरुंद बाजू ७ इंच. कारागीर म्हणेल, 'लोकर काढून टाकू, आरामात बसेल.' इथे त्याचं ऐकू नका. तीन रस्ते आहेत. टाइल्स फोडून काढायच्या. त्यासाठी दांड्यावर फिरणारं खास हत्यार मिळतं, आणि टाइल गेली की दोन्ही बाजूंनी मिळून सव्वा ते दीड इंच वाट मोकळी होते. किंवा लांबट, अंडाकृती लायनर घ्यायचा. नळी दाबली की तिचं क्षेत्रफळ गोलापेक्षा थोडं घटतं, म्हणून ते फर्नेसच्या उत्पादकाला चालतं का हे लेखी विचारा. तिसरा रस्ता, नळी आणि टाइल यांमधल्या पोकळीत वर्मिक्युलाइट-सिमेंटचं हलकं मिश्रण ओतायचं. अरुंद बाजूला त्याची सांगितलेली जाडी मिळायला हवी, आणि एकदा ओतलं की पुढे लायनर बदलताना ते फोडावं लागतं, हेही लक्षात घ्या. टाइल्स सांध्यांत हलत असतील किंवा कुठे तडकल्या असतील तर आम्ही पहिला रस्ता धरायला सांगू.

उरला धातू. ३०४ आणि ३१६ हे दोन्ही स्टेनलेस. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं. ते क्लोराइडमुळे पडणाऱ्या बारीक छिद्रांना अटकाव करतं. 'टीआय' म्हणजे टायटॅनियम. वारंवार तापणाऱ्या स्टीलमध्ये क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि कणांच्या कडा गंजायला मोकळ्या राहतात. टायटॅनियम त्या कार्बनला आधीच धरून ठेवतं. फक्त सुकं लाकूड जाळणार असाल आणि ३०४ लायनरवर लाकडासाठीचं यूएल १७७७ स्पष्ट छापलेलं असेल, तर तो चुकीचा नाही. समुद्रकाठचं वाहून आलेलं लाकूड, रंगवलेल्या फळ्या, प्लास्टिक लागलेला कचरा यांतून क्लोराइड येतं, आणि ते ३१६लाही सोडत नाही, तेव्हा ते फर्नेसमध्ये जाऊच देऊ नका. परवडत असेल तर ३१६ टीआय घ्या. पण त्याचा खर्च लोकरीतून वाचवू नका. लोकर लावलेला ३०४ हा उघड्या ३१६पेक्षा केव्हाही बरा.

ॲल्युमिनियमचा स्वस्त लायनर कुणी दाखवला तर हातही लावू नका. तो ठरावीक गॅस उपकरणांसाठी असतो. ॲल्युमिनियम १,२२० अंश फॅरनहाइटला वितळतं, आणि चिमणीतल्या आगीसाठी लायनर तपासतात तो २,१०० अंशांवर.

प्रश्न: आई साताऱ्याहून आली आहे. तिचं म्हणणं, 'आमच्या चुलीच्या धुरांड्याला जन्मात कुणी अस्तर लावलं नाही, घरं काही जळली नाहीत.' तिला काय सांगू?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: आईंचा प्रश्न अगदी नेमका आहे. फरक जाळण्याच्या पद्धतीत आहे. चुलीचं तोंड उघडं, हवा भरपूर, जळण बारीक: पऱ्हाट्या, तुराट्या, सुक्या काटक्या. आच मोठी, धूर गरम. धुरांडं आखूड, नाहीतर धूर सरळ कौलांच्या फटींतून वर जातो. पेटवायची ती स्वयंपाकापुरती. स्वयंपाक झाला की लाकडं ओढून विझवायची.

फर्नेसमध्ये हाताएवढे जाड ओंडके रात्रभरासाठी रचतात. थर्मोस्टॅट म्हणतो घर तापलं, की हवेची झडप मिटते आणि लाकूड तासन्‌तास धुमसत राहतं. धुमसणं म्हणजे धूर जास्त, गरमी कमी. हा धूर बाहेरच्या उणे वीस सेल्सिअसच्या हवेत उभ्या असलेल्या २५-३० फूट विटांतून वर चढायचा असतो. आईंनी पावसाळ्यात ओली लाकडं पेटवून पाहिलीच असतील: डोळे झोंबवणारा पिवळट धूर, आणि आढ्याला, वाशांना धरलेली चिकट, चकचकीत काळी पुटं. तेच पुट बंद नळीत हिवाळाभर साठतं, आणि एखाद्या सकाळी आच मोठी केली की नळीतच पेटतं. अस्तर हवं ते त्यासाठी.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी लायनर बसवला. ६ इंची, ३१६, पण लोकर नाही. दर जानेवारीत तळाच्या झडपेतून डांबरासारखं पाणी ठिबकतं आणि तळघरात जळक्या रबरासारखा वास भरतो. लायनर खराब निघाला का?
– एक वाचक, मेन

उत्तर: लायनर बहुधा ठीकच असेल. तो गार पडतो आहे. पण नुसता लोकर नसल्याचा दोष धरून थांबू नका. चार गोष्टी या क्रमाने तपासा.

पहिलं, जळण. ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर घ्या. ओंडका तिथल्या तिथे फोडा आणि नव्याने उघडलेल्या पृष्ठभागावर, रेषांच्या दिशेने सुया रोवा. बाहेरच्या सुकलेल्या टोकावर मोजलं तर आकडा खोटा येतो. २० टक्क्यांच्या आत हवा. ओकच्या लाकडाला फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं रचून दोन उन्हाळे तरी लागतात. 'सीझन्ड', म्हणजे सुकवलेलं, म्हणून विकलेल्या लाकडात ३० टक्के निघाले तर नवल वाटून घेऊ नका. ओल्या लाकडातलं पाणी उकळण्यातच आचेची ताकद जाते आणि तीच वाफ तुमच्या नळीत पुन्हा पाणी होऊन खाली येते. ठिबकतंय त्यात बराचसा हाच भाग आहे.

दुसरं, धुराच्या नळीचं तापमान. एकेरी काळ्या नळीवर फर्नेसच्या तोंडापासून साधारण दीड फुटावर चुंबकाचं थर्मामीटर चिकटवा. चांगली आच असताना काटा २५० ते ४५० फॅरनहाइटच्या दरम्यान राहायला हवा. आतला धूर याहून बराच गरम असतो. दुहेरी नळी असेल तर वरून लावलेला काटा काही सांगत नाही, आत टोचायचं थर्मामीटर लागतं. काटा रात्रभर २००च्या खाली पडून राहत असेल तर फर्नेस धुमसते आहे. घराच्या गरजेपेक्षा मोठी फर्नेस घेतली की असं होतं. त्यावर उपाय लहान भरण्याचा: एकदाच पोटभर लाकूड कोंबण्याऐवजी अर्धं भरा आणि झडप उघडी ठेवून जाळा.

तिसरं, ओढ. मॅनोमीटर या दाब मोजायच्या यंत्राने मोजून घ्या. बऱ्याच फर्नेसच्या पुस्तिकेत ०.०५ ते ०.०६ इंच पाण्याचा दाब मागितलेला असतो. तुमच्या पुस्तिकेतला आकडा हाच खरा. काही ठिकाणी नळीवर आपोआप हलणारं बॅरोमेट्रिक डॅम्पर लावलेलं दिसतं. उत्पादकाने मागितलं असेल तरच ते ठेवा. ते तळघरातली गार हवा धुरात मिसळतं, म्हणजे नळी आणखी गार होते. आणि चिमणी पेटलीच तर तेच दार तिला हवा पुरवतं.

चौथं, लोकर. वरचे तिन्ही मुद्दे सुधारूनही बाहेरच्या चिमणीत उघडा लायनर जानेवारीत गार पडणारच. तो वर ओढून काढून लोकर गुंडाळून पुन्हा सोडता येतो, नळीला मार लागला नसेल तर.

आता साफसफाई. क्रिओसोट तीन रूपांत भेटतं. भुरभुरीत काजळी ब्रशने जाते. कोरड्या काळ्या पापुद्र्यांना जरा जोर लागतो. तिसरं म्हणजे काचेसारखं चकचकीत, घट्ट पुट. त्यावर ब्रश नुसता घसरतो. ते आधी रसायनाने भुसभुशीत करून घ्यावं लागतं, आणि ते काम चिमणी साफ करणाऱ्या प्रमाणित माणसाचंच. साखळ्या फिरवून फोडू नका, लवचीक लायनरचा पत्रा कागदासारखा पातळ असतो. घरी ब्रश मारायचा तर पॉलीचा, म्हणजे प्लास्टिकचा, नळीच्याच मापाचा. साध्या लोखंडी तारांचा ब्रश स्टेनलेसवर लोखंडाचे कण ठेवून जातो, तेच पुढे गंजतात आणि लायनर गंजला असं आपण म्हणतो.

ब्रशवर फुगून मक्याच्या लाहीसारखे झालेले हलके काळे गोळे पडले, किंवा टोपी वाकडी झालेली, नळी निळसर-तपकिरी झालेली दिसली, तर चिमणी एकदा आतून पेटून गेली आहे. पुन्हा पेटवण्याआधी कॅमेरा सोडून तपासणी करून घ्या. एनएफपीए २११मध्ये तिला दुसऱ्या पातळीची तपासणी म्हणतात. उपकरण बदललं किंवा घर विकलं तरीही तीच लागते.

प्रश्न: लाकडाची फर्नेस आणि गॅसचा वॉटर हीटर एकाच लायनरला जोडता येतील का? एकच चिमणी आहे.
– एक वाचक, ऑन्टारियो

उत्तर: नाही. लाकडाच्या धुराला त्याची स्वतंत्र वाट हवी. काजळीने वाट अर्धी बुजली तर गॅसचा धूर उलटा घरात शिरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चिमणी पेटली तर हीटरचं तोंड तिला हवा देत राहतं. वॉटर हीटर भिंतीतून धूर सोडणारा किंवा विजेवरचा घ्या. लाकूड आणि तेल एकाच डब्यात जाळणारी, तशी एकत्र तपासून प्रमाणित केलेली फर्नेस वेगळी, तिच्यासाठी तिची पुस्तिका बघा.

कॅनडात लायनरवर यूएलसी एस६३५ हे प्रमाणपत्र शोधा, आणि बसवणी सीएसए बी३६५ या मानकाप्रमाणे करा. विमा कंपनी बहुधा वेट तपासणीचा (लाकूड जाळणाऱ्या उपकरणांच्या प्रमाणित जाणकाराने केलेल्या तपासणीचा) अहवाल मागेलच. तो काम संपल्यावर नाही, चिमणी झाकायच्या आधी करवला तर तपासणाऱ्याला आतली लोकर आणि अंतरं दिसतात. दर मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र लावा.

प्रश्न: आमच्याकडे फर्नेस नाही, बैठकीच्या खोलीत स्टोव्ह आहे. लाकूड आणि कधी धूरविरहित कोळशाचे गोळे जाळतो. इथे लायनर ३१६ की ९०४ विचारतात.
– एक वाचक, यॉर्कशायर

उत्तर: फक्त लाकूड जाळत असतात तर ३१६ पुरला असता. कोळशाच्या गोळ्यांत गंधक असतं. रात्री स्टोव्ह मंद ठेवला की त्याचं आम्ल नळीत जमतं, आणि काजळी न काढता उन्हाळाभर तशीच ठेवली तर दमट हवेत ते पत्रा खात राहतं. तुमच्यासाठी ९०४, म्हणजे आम्लाला जास्त टिकणारं स्टेनलेस. आणि मोसम संपला की लगेच, एप्रिल-मेमध्येच, चिमणी साफ करून घ्या. ऑक्टोबरची वाट पाहू नका.

व्यास साधारणपणे १५० मिलिमीटर. धूरनियंत्रित भागासाठी मान्यता असलेल्या काही स्टोव्हना १२५ चालतो. बसवणारा हेटासचा (अशी उपकरणं बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा) नोंदणीकृत घ्या, आणि लायनरचा प्रकार व तारीख लिहिलेली सूचनापट्टी तो लावून जाईल याकडे लक्ष द्या, इंग्लंडमध्ये ती नियमाने लागते. जळणाचंही बघा: इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून ओलं लाकूड दोन घनमीटरपेक्षा लहान मापात विकायला बंदी आहे आणि १ मे २०२३ पासून घरगुती साध्या कोळशाची विक्रीही बंद झाली आहे.

प्रश्न: चिमणी घराच्या आतून जाते, २४ फूट, सरळ. टाइल्स काढून झाल्या आहेत. ६ इंची लवचीक लायनर मी आणि भाऊ मिळून बसवायचं म्हणतो. काय काय लागेल आणि कुठे चुकतं?
– एक वाचक, मिनेसोटा

उत्तर: आधी गावच्या इमारत खात्याचा परवाना काढा आणि विमा कंपनीला स्वतः बसवलेलं चालेल का ते विचारा. दोन्हीकडून होकार असेल तर पुढे वाचा.

सामान: २५-२६ फूट लवचीक लायनर, अर्धा इंची फॉइल-लोकर, तारेची जाळी, फॉइलचा टेप, फवारायचा गोंद, तळाचा टी (इंग्रजी T अक्षराच्या आकाराचा जोड) आणि त्याचं सुटं होणारं नळकांडं, टीचं झाकण, वरची स्टीलची पाटी, पावसाची कॉलर, टोपी, ओढायचा शंकू आणि मजबूत दोर. लोकर २४ इंच रुंदीची घ्या. ६ इंची नळीवर अर्धा इंच लोकर चढली की बाहेरचा घेर २२ इंच होतो, म्हणजे दोन इंच एकावर एक येतात. ८ इंची लायनरला हाच घेर २८ इंचांच्या वर जातो, तिथे २४ची लोकर उघडी फट ठेवते.

अंगणात ताडपत्री पसरून नळी सरळ करा. नळीवर बाण छापलेला असतो, तो धुराच्या दिशेने, म्हणजे वर. उलटी बसली तर आतले पदर धुराला आणि ब्रशला उलटे लागतात आणि क्रिओसोट सांध्यांत झिरपतं. लोकर गुंडाळताना फॉइल बाहेर, शिवणीवर टेप आणि दर फूट-दीड फुटावर एक वेढा. वर जाळी चढवून खेचून ताणा. वरचे आणि खालचे पाच-सहा इंच तूर्त उघडे ठेवा, कारण पट्टा आणि टी बसवायला जागा लागते. लोकर हाताळताना मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा.

सोडायच्या आधी चिमणी झाडून, कॅमेऱ्याने किंवा दोराला सव्वासात इंचांचा लाकडी ठोकळा बांधून सगळी वाट तपासा. विटांतून बाहेर आलेला बांधकामाच्या मसाल्याचा एक ढेकूळ जाळी फाडतो, लोकर गोळा होऊन वरच अडकते आणि तळाची सहा-सात फूट नळी उघडी पडते. बसवल्यावर हे कुणाला दिसत नाही. एकाने वरून सोडावी, दुसऱ्याने खालून शंकूचा दोर हलक्या हाताने ओढावा. जोर लावावा लागला तर थांबा, वर काढा, अडथळा शोधा.

सगळ्यात किचकट काम टीचं. नळकांडं भिंतीच्या भोकातून आत सारायचं, आतल्या टीच्या तोंडावर बरोबर बसवायचं आणि त्याच्या भोवतीच्या पट्ट्याचा स्क्रू भोकातून एका हाताने, लांब स्क्रूड्रायव्हरने आवळायचा. दिसत काही नाही, सगळं बोटांनी समजून घ्यायचं. पट्टा नळकांड्याच्या कडेवर तिरका बसला तर वरून घट्ट वाटतो आणि वर्षभरात सुटतो. आवळून झाल्यावर नळकांडं दोन्ही हातांनी हलवून बघा, भिंतीतली चिमणीच हलल्यासारखी वाटली पाहिजे. फोनचा कॅमेरा आत घालून फोटो काढा. मग टीभोवतीही लोकर बांधा. बरेच जण ती विसरतात, आणि ठिबकायला सुरुवात नेमकी तिथूनच होते.

लायनरचं वजन वरच्या पाटीने पेलायचं असतं. तळाला तो सिमेंटमध्ये घट्ट करू नका. स्टेनलेसची ९ मीटरची सरळ नळी ३०० अंश सेल्सिअसने तापली तर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास वाढते. लवचीक नळी त्यातलं काही स्वतःच्या वळ्यांत सामावते, तरी खाली जागा हवी. पाटी चिमणीच्या माथ्यावर सिलिकॉनच्या जाड थरात बसवून स्क्रू मारा, कॉलर लावा, टोपी चढवा. चिमणीचा माथा, ती छपरातून बाहेर पडते तिथून किमान ३ फूट आणि १० फुटांच्या आतल्या कुठल्याही छपरापेक्षा किमान २ फूट उंच असायला हवा.

फर्नेसपासून चिमणीपर्यंतची काळी नळी २४ गेज जाडीच्या पत्र्याची, दर फुटाला पाव इंच चढ, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. सांध्याचं चुणीदार टोक फर्नेसकडे तोंड करून ठेवा, म्हणजे ओघळ आतल्या आत जाऊन जळतो. उलटं बसवलं तर तो सांध्यातून तळघराच्या फरशीवर येतो. या एकेरी नळीपासून जळाऊ वस्तू १८ इंच लांब.

पहिले दोन दिवस लहान आच करा. नव्या फर्नेसचा रंग भाजताना वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा. तिसऱ्या दिवशी पूर्ण आच करून ओढ मोजा, आणि तो आकडा, तारीख, लायनरचा अनुक्रमांक आणि लोकरीची जाडी फर्नेसच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहा. महिन्याभराने टीचं झाकण काढून आत बघा. चमचाभर कोरडी काजळी मिळाली तर तसंच चालू द्या. चिकट काळं काही बोटाला लागलं तर फर्नेसमध्ये पुढचं लाकूड घालण्याआधी ओलाव्याचं मीटर बाहेर काढा.